पहिली वेलांटी

अडतीस वर्षं मी या शहराच्या भिंतींवर
एकच ओळ लिहीत आलो: येथे थुंकू नये.
कुठे कुठे दुसरी: येथे लघवी करू नये.
ब्रश पालिकेचा, काळा रंग पालिकेचा,
आणि वाचक असे
की वाचून झालं की तिथेच उभे राहायचे.

यंदा दारूखान्यात भित्तिचित्रांचा महोत्सव भरला.
जुन्या लोखंडाच्या गोदामात खुर्च्या मांडल्या,
तुटलेल्या जहाजाच्या नांगराला दिव्यांच्या माळा,
माझ्या कॉलरला माइक.
माझ्याआधी एक गृहस्थ ‘भिंतीशी संवाद’ यावर
पाऊण तास बोलले.
भिंतीने मध्ये तोंड घातलं नाही.
मग मृण्मयी म्हणाली, साळसकरकाका,
सार्वजनिक म्हणजे तुमच्यासाठी काय?
मी म्हणालो, पहिली वेलांटी.
तुमच्या बाहेरच्या फलकावर दुसरी पडलीय.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
मी विनोद केला नव्हता.

इनेस लिस्बनहून आली होती.
तिला माझं काही कळेना, मला तिचं.
तीन मजली भिंत, एक परांची,
दोघांत एक पाण्याची बाटली.
तिने काढला हात:
गोणपाट शिवणाऱ्या राबिया मुकादमचा.
नखं, भेगा, अंगठ्यावरचा दाभणाचा जुना व्रण,
सगळं हुबेहूब, फक्त चाळीस फुटी.
दाभणातली सुतळी माझ्याकडे.
तिची अक्षरं करत करत खाली उतरायचं:
शहर सर्वांचे आहे.
वाक्य त्यांनी छापून दिलेलं.
पोटफोड्या ष त्यात कुठेच नव्हता
याचं जरा वाईट वाटलं, तो मला चांगला जमतो.
पण पहिल्या श च्या गाठीपाशी इनेस थांबली,
बोटाने तो हवेत तीनदा गिरवला,
आणि तिसऱ्यांदा बरोबर आला.

शेवटच्या दिवशी राबिया खाली उभी राहून
स्वतःचा हात बघत होती.
बरा काढलाय, म्हणाली.
मग सुतळीवरून नजर खाली खाली आणत
‘हे वळण मी ओळखते.’

तिचं दार भिंतीला लागूनच.
दारावर लाल रंगात: ड ११७.
अकरा वर्षांपूर्वी पाडापाडीचा सर्व्हे निघाला होता.
पुढे यादी घेतलेला साहेब, मागे डबा घेतलेला मी,
एका दुपारी सव्वादोनशे दारं.
माझ्या सातची शेपटी जरा जास्तच आत वळते,
बाकी कोणाची वळत नाही.

गप्प राहण्यासारखंच होतं, राहिलो.
मग म्हणालो, पुसून देतो. थिनर आहे.

‘खुळे की काय तुम्ही,’ राबिया म्हणाली.
‘पाडायला कोणी आलंच नाही.
आता लाइटचं बिल त्याच नंबरावर येतं.
पोरीची शाळा, गॅस, लग्नाच्या पत्रिका, सगळं ड ११७.
पुसायचं तर आधी पोस्टमनला विचारून या.’

मंडप सुटला. नांगरावरचे दिवे निघाले.
फोटोवाले अजून येतात,
हात मावावा म्हणून फोन वर वर नेतात
आणि खालचं दार आपोआप सुटतं.
परवा एक ट्रकवाला भिंतीपाशी आला,
पँटला हात घातला, सहज वर बघितलं,
आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेला.
माझ्या अक्षरांना हे कधी जमलं नव्हतं.

पुसट झालेला सात तेवढा मी गिरवून दिला,
महोत्सवातल्या उरलेल्या निळ्याने.
शेपटी तशीच ठेवली.
राबिया म्हणाली, ओला आहे तोवर
दार उघडंच ठेवते.